लॉन भाड्याने दिल्याची बातमी सभासदांना जाहिरातीतून का कळावी?

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

आपल्या सोसायटीचं क्लब हाउस आणि त्यासमोरचं लॉन तुम्ही तीन वर्षांसाठी एका इव्हेंट कंपनीला लग्नसमारंभांसाठी चालवायला दिलं आहे. हे ना सूचनाफलकावर लागलं, ना बातमीपत्रात आलं, ना कुठल्या सभेत निघालं. मला ते कळलं त्या कंपनीच्या इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीतून. 'सह्याद्रीच्या कुशीत तुमचा स्वप्नसोहळा' असं वर लिहिलेलं आणि खाली आपल्याच पोहण्याच्या तलावाचा फोटो. फोटोत कठड्यावर शेजारच्या बंगल्यातला निळा टॉवेलसुद्धा वाळत पडलेला दिसतो.

पत्र समितीला असलं तरी ते उघडपणे लिहिते आहे. लेखी अर्ज दिले की आपल्याकडे 'बघू, मीटिंगमध्ये घेऊ' एवढंच तोंडी उत्तर मिळतं, हे एक कारण. दुसरं असं की लोणावळा, मुळशी, पानशेत, कर्जत, अलिबाग या पट्ट्यात प्लॉटधारकांनीच चालवलेल्या अशा बंगल्यांच्या वसाहती आता जागोजागी आहेत, आणि तिथे बारा महिने राहणाऱ्यांशी बोललं की थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळतं. सोसायटीचं किंवा कोणा व्यक्तीचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना ते कळेल.

आधी माझा संबंध सांगते. मी बँकेतून निवृत्त झाले आणि शहरातला फ्लॅट विकून आम्ही दोघं मुळशीच्या बाजूच्या या उतारावर कायमचे राहायला आलो. आपले बहुतेक सभासद शनिवारी येतात आणि रविवारी संध्याकाळी घाट उतरायच्या घाईत असतात. त्यांच्यासाठी हा बंगला विसावा आहे, काहींसाठी भाड्याचं उत्पन्न आहे, आणि त्यात गैर काहीच नाही. पण आमच्या आधार कार्डावर, मतदार यादीत आणि गॅसच्या पुस्तकावर हाच पत्ता आहे. सोमवारी सकाळी लॉनवरच्या पत्रावळी कुत्र्यांनी कुठवर ओढून नेल्या आहेत हे आम्ही बघतो. मंगळवारी टाकीत पाणी किती उरलंय हेही आम्हीच बघतो.

समितीतली मंडळी पदरमोड करून, स्वतःचा वेळ देऊन काम करतात, हे मी नाकारत नाही. गेल्या पावसाळ्यात डीपी जळाली तेव्हा सचिव रात्री भिजत महावितरणच्या उपकेंद्रात जाऊन बसले होते. पण पगार घेत नाही म्हणून जाब देणं लागत नाही, असं सहकारात चालत नाही.

आता तक्रारी, एकेक करून.

सगळ्यात आधी निर्णयाची पद्धत. मी विचारलं तेव्हा सांगण्यात आलं, 'ग्रुपवर पोल घेतला होता की, बहुतेकांनी होकार दिला.' तो पोल मी पुन्हा उघडून पाहिला. प्रश्न होता, 'क्लब हाउसमधून सोसायटीला उत्पन्न मिळावं का?' याला नाही कोण म्हणेल? त्यात लग्नं नव्हती, लॉन नव्हतं, तीन वर्षं नव्हती, कंपनी तर नव्हतीच. अंगठे दाखवणाऱ्यांत एका सभासदाची भाचेसून आहे, दोन भाडेकरू आहेत आणि आपला जनरेटर दुरुस्त करणारे गृहस्थही आहेत. त्यांना मागच्या उन्हाळ्यात ग्रुपमध्ये घेतलं आणि नंतर काढायचं राहून गेलं. ते सज्जन आहेत, आपल्या सगळ्या पोलना होकार देतात.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ७२ सरळ सांगतं की संस्थेचे अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचे आहेत. समिती ही सभेने ठरवलेलं अमलात आणणारी. आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी, विषयपत्रिकेसह द्यावी लागते, आणि गणपूर्तीला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातली कमी संख्या पुरते. वीस माणसं! एवढ्या मोठ्या वसाहतीत वीस माणसं एका रविवारी सकाळी जमवणं जमत नाही म्हणून मोबाइलवरच्या अंगठ्यांवर तीन वर्षांचा करार करायचा? मागची वार्षिक सभा तर तुम्ही शहरातल्या एका हॉटेलात घेतलीत, तीही संध्याकाळी सहाला. वयस्कर माणसांनी रात्री घाट चढून परत यायचं कसं, याचा विचार झाला नसावा. किंवा झाला असावा.

दुसरी गोष्ट बातमीपत्राची. दर तीन महिन्यांनी गुळगुळीत कागदावर छापलेलं आपलं बातमीपत्र घरी येतं. कोजागरीचा फोटो, पावसाळी भटकंती, 'सर्वोत्तम बाग' स्पर्धेची विजेती, नव्या सभासदांचं गुलाबपुष्प देऊन स्वागत. मला ते वाचायला आवडतं, माझ्या बागेचाही फोटो त्यात आलेला आहे. पण गेल्या वर्षभराचे अंक समोर ठेवून मी पाहिलं. समितीच्या एकाही निर्णयाची, एकाही खर्चाची, एकाही कराराची ओळ त्यात नाही. तलावाच्या पंपाचा कंत्राटदार बदलला, सुरक्षा एजन्सी बदलली, मागच्या बाजूचं फाटक बंद झालं, हे सगळं आम्हाला गार्डकडून आणि कामाला येणाऱ्या बायकांकडून कळत गेलं. आपल्याकडे कार्यक्रम झाला की त्याची बातमी होते, निर्णयाची होत नाही. माझ्या सगळ्या तक्रारींचं मूळ मला इथे दिसतं. लॉनचा विषय महिनाभर आधी या बातमीपत्रात छापून आला असता तर निम्मं पत्र लिहावंच लागलं नसतं.

पैशांचं थोडक्यात सांगते. भाडं किती ठरलं हे मी इथे लिहीत नाही, कारण ते मला माहीत नाही आणि विचारून कळलेलं नाही. अनामत किती, वीज आणि पाणी कोणाच्या मीटरवर, मोडतोड झाली तर भरपाई कोण देणार, करार नोंदणीकृत आहे का, मधेच मोडायचा तर नोटीस किती दिवसांची? बँकेत किरकोळ कर्ज मंजूर करतानासुद्धा असले प्रश्न कागदावर सुटल्याशिवाय फाइल पुढे सरकत नसे. शिवाय सभासदांच्या वर्गणीला जे परस्परतेचं तत्त्व लागू होतं, म्हणजे सभासदांनी स्वतःसाठीच जमवलेल्या पैशाला उत्पन्न धरत नाहीत, ते बाहेरच्यांकडून आलेल्या भाड्याला लागू होत नाही, त्यावर आयकर आहे. हा हिशेब कोणी लेखापरीक्षकांना विचारून घेतला का? आणि आपल्या जमिनीचा बिनशेती आदेश निवासी वापराचा आहे. तिथे असा व्यवसाय चालतो का, हे तहसील कार्यालयात कोणी विचारलं का?

आवाजाबद्दल मी भावनिक काही लिहिणार नाही, नियमच लिहिते. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रात्री दहानंतर बंदिस्त सभागृहाला वेगळी वागणूक आहे, पण लॉन हे सभागृह नव्हे. उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा तर परवानगी घ्यावी लागते ती वेगळीच. डोंगराच्या कुशीत आवाज वर जात नाही, तो समोरच्या कड्यावर आपटून परत येतो. गेल्या दोन लग्नांना आमच्या खिडक्यांच्या काचा पावणेबारापर्यंत थरथरत होत्या. गार्डला सांगितलं तर तो म्हणाला, 'मॅडम, आम्हाला वरून सांगितलंय.' वरून म्हणजे कोण, हे त्यालाही धड सांगता येईना.

पाण्याचा विषय मात्र मला सविस्तर मांडायचा आहे, कारण हा सोयी-गैरसोयीच्या पलीकडे जातो. मुळशीत पाऊस धो धो पडतो आणि तरी मार्च-एप्रिलात बोअर आटतात, याचं आपल्या शहरी पाहुण्यांना नवल वाटतं. खालचा कातळ काळ्या बेसॉल्टचा आहे. त्यात पाणी साठतं ते फक्त भेगांमध्ये आणि वरच्या मुरमाच्या थरात, बाकी सगळं उतारावरून वाहून जातं. चार महिने धबधबे आणि चार महिने टँकर, असं इथलं वर्ष. आपले बोअर होळीनंतर दम टाकतात, मग टँकर येतो, आणि तो टँकर भरतो खालच्या गावाजवळच्या विहिरीवर.

अक्षय्य तृतीयेनंतरच्या एका लग्नाच्या दिवशी दोन टँकर आले. दोन्ही लॉनच्या टाकीत रिकामे झाले, कारण केटररला सकाळपासून पाणी हवं होतं. आमच्या बाजूचा व्हॉल्व्ह त्या दिवशी उघडलाच नाही. पाणी सोडणाऱ्या मामांना विचारलं तर ते खाली मान घालून किल्ली चाळवत बसले. त्यांना बोलून उपयोग नव्हता. त्याच संध्याकाळी आमच्याकडे कामाला येणारी ताई सांगत होती की गावातल्या विहिरीवर त्या दिवशी बायकांना हंड्यांसाठी तासभर थांबावं लागलं, कारण टँकरची मोटर चालू होती. लग्नात पाहुण्यांसाठी कारंजं सुरू होतं. हे मी स्वतः पाहिलं.

हा मुळशी तालुका आहे. धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ मध्ये इथे सत्याग्रह झाला. इथल्या जुन्या माणसांशी पाण्याबद्दल बोलताना शहरातून आलेल्यांनी जरा जपून बोलावं, असं मला वाटतं. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर राज्यात १९९३ पासून कायद्याचे निर्बंध आहेत. असं असताना आपल्या समितीत 'लॉनसाठी स्वतंत्र बोअर मारू' अशी चर्चा चालल्याचं कानावर आलं. जागा कुठली, गावच्या विहिरीपासून किती अंतरावर, ग्रामपंचायतीला कोणी विचारलं? हे कानावर येतं, कागदावर येत नाही, म्हणून इथे विचारते आहे. चर्चा खोटी असेल तर तसं लिहून द्या, मला आनंदच होईल.

आता भिंत. क्लब हाउसच्या वरच्या अंगाची संरक्षक भिंत ज्यांनी अलीकडे पाहिली नसेल त्यांनी येत्या रविवारी जाऊन पाहावी. मधल्या भागाला पोट आलं आहे. भिंतीतून पाणी निघून जावं म्हणून ठेवलेल्या पाइपांची तोंडं मातीने आणि गवताने बुजली आहेत. एका पाइपात तर कोणीतरी लग्नातल्या रोषणाईची वायर खोचून ठेवली आहे. वरच्या पाणंदीकडून येणारं पाणी वळवणारा चर होता, तो पार्किंग सपाट करताना मुरमाने भरून टाकला. म्हणजे वरचं पाणी आता सरळ भिंतीमागे मुरणार, आणि बाहेर पडायला वाट नाही. यासाठी स्थापत्यशास्त्राची पदवी लागत नाही.

माळीण ३० जुलै २०१४, तळिये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. या तिन्ही ठिकाणी मुसळधार पावसात डोंगर वस्तीवर आला. आपला उतार तसाच आहे असा माझा दावा नाही, ते तज्ज्ञाने पाहून सांगायचं. पण तज्ज्ञाला बोलवायचं तर पाहिजे. भिंतीबद्दल मी पहिला अर्ज दिला तो दिवाळीच्या सुमारास. त्यावर 'निधी नाही' असं उत्तर मिळालं. त्यानंतर लॉनवर नवी हिरवळ अंथरली गेली, कमान उभी राहिली, तलावाभोवती दिवे लागले. आपल्या देयकात दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड दर तिमाहीला आकारला जातो. तो कशासाठी असतो? भिंतीच्या बरोबर खाली चार घरं आहेत, त्यातल्या दोनांत बारा महिने माणसं राहतात. एक घर आमचं आहे.

मागचं फाटक. वरच्या वाडीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेने बाजाराला आणि शाळेला जात आली ती वाट आपल्या हद्दीतून जाते. पाहुण्यांच्या 'प्रायव्हसी'साठी तिला कुलूप लागलं. शाळेची मुलं आता डांबरी रस्त्याने वळसा घालून जातात, लग्नाच्या गाड्या चुकवत. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, हे वाडीतल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. त्यांनी अजून मागितली नाही, हा त्यांचा समजूतदारपणा.

यातली कुठलीही गोष्ट सांगितली की समितीतून एक उत्तर ठरलेलं असतं: 'मग मेंटेनन्स वाढवू का?' जरूर वाढवा. हिशेब मांडा, भिंतीला किती लागतात ते अंदाजपत्रकासह सांगा, सभेपुढे ठेवा. मी हात वर करणाऱ्यांत पहिली असेन, आणि माझी खात्री आहे की शनिवार-रविवारचे सभासदही करतील. त्यांना कोणी विचारलेलंच नाही. लॉन कधीच भाड्याने देऊ नका असंही माझं म्हणणं नाही. सभासदांच्या घरची मुंज, साठीशांत, साखरपुडा तिथे व्हावा, बाहेरच्यांनाही वर्षातून मोजक्या वेळा द्यावं, पण वेळ, आवाज, पाणी आणि माणसांची संख्या सभेने ठरवून.

मागण्या अशा आहेत.

१. इव्हेंट कंपनीबरोबरच्या कराराची पूर्ण प्रत आणि ज्या समिती बैठकीत तो मंजूर झाला तिचं इतिवृत्त सूचनाफलकावर लावा. इतिवृत्त पाहण्याचा आणि शुल्क भरून प्रत घेण्याचा हक्क सभासदाला कायद्यानेच आहे. शुल्क मी अर्जासोबत भरलं आहे, पावती माझ्याकडे आहे.

२. संरक्षक भिंतीची पाहणी स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून मृग लागायच्या आत करून घ्या आणि त्याचा अहवाल जसाच्या तसा सर्वांना पाठवा. पाइपांची तोंडं मोकळी करणं आणि बुजवलेला चर पुन्हा खणणं याला अहवालाची गरज नाही. दोन माणसं आणि दोन दिवस पुरतील. हे काम याच आठवड्यात व्हावं. बाकी सगळ्या मागण्या आठ दिवस मागे राहिल्या तरी चालतील, ही नाही.

३. सर्वसाधारण सभा निर्णय घेईपर्यंत नवीन लग्नांची नोंदणी थांबवा. ज्या कुटुंबांनी आधीच आगाऊ रक्कम भरली आहे त्यांची लग्नं होऊ द्या, त्यांचा काही दोष नाही. मात्र रात्री दहाला स्पीकर बंद, आणि पाण्याचे टँकर गावातल्या विहिरीऐवजी दुसरीकडून, कंपनीच्या खर्चाने.

४. नवा बोअर मारण्याआधी ग्रामपंचायतीशी लेखी बोलणं आणि सभेचा ठराव.

५. मागचं फाटक सकाळी आणि शाळा सुटण्याच्या वेळी उघडं ठेवा. गार्ड तिथे बसलेलाच असतो.

६. बातमीपत्राचं एक पान निर्णयांसाठी राखून ठेवा: काय ठरलं, किती खर्च, कोणाला काम दिलं, पुढच्या बैठकीत काय आहे. संपादनाचं काम मी विनामोबदला करीन. कोजागरीचे फोटो कमी करायची गरज नाही, पान वाढवू.

वार्षिक सभा कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरपर्यंत व्हायलाच हवी, पण तोवर पावसाळा संपत आलेला असेल आणि लग्नाचा पुढचा हंगाम विकलेला असेल. म्हणून विशेष सर्वसाधारण सभा हवी. ती समितीने आपणहून, वसाहतीतच, रविवारी सकाळी बोलावली तर उत्तम. नाही तर एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यावर महिन्याच्या आत ती बोलवावीच लागते, अशी तरतूद कलम ७६ मध्ये आहे.

त्या मागणीचा अर्ज तयार आहे आणि त्यावर सह्या घेणं सुरू केलं आहे. शनिवारी आणि रविवारी सकाळी नऊ ते बारा मी घरीच आहे. सही फक्त सभासदाची चालेल. येताना भागपत्राचा क्रमांक घेऊन या. ज्यांना यायला जमणार नाही त्यांच्या बंगल्यावर मी स्वतः येईन, फक्त घाट उतरायच्या आधी फाटकावर निरोप ठेवा. समितीतल्या सदस्यांनाही सही करायला मनाई नाही.

आपली,
भिंतीखालच्या घरातली एक सभासद